शब्दचर्चा : ‘संदर्भ कोन’ म्हणजे कशाचा संदर्भ?

मालवणहून : अकरावीला त्रिकोणमिती शिकवते. ‘रेफरन्स अँगल’ला वर्गात ‘संदर्भ कोन’ म्हणते. अंतिम भुजा (कोन मोजताना फिरून जिथे थांबते ती बाजू) आणि क्ष-अक्ष यांच्यातला लघुकोन, ही व्याख्या मुलांना पाठ असते. तरी 120° विचारलं की बरीच मुलं 30° लिहितात, कारण भुजा य-अक्षाच्या जवळ दिसते. मग साइन 120° चं उत्तर √3/2 ऐवजी 1/2 येतं. मला तर वाटतं, घोळ शब्दातच आहे. कुठला अक्ष ते ‘संदर्भ’ सांगत नाही. दुसरा शब्द सुचवा.

रत्नागिरीहून : ‘लगतचा कोन’ म्हणाल तर चूक वाढेल, मुलं जवळचाच अक्ष धरतील. ‘संलग्न कोन’ भूमितीत आधीच आहे. ‘आधारकोन’ कसा वाटतो? भुजेच्या टोकापासून क्ष-अक्षावर लंब टाकला की काटकोन त्रिकोण होतो आणि अक्ष त्याचा पाया.

देवगडहून : ताई, माझं आयुष्य मोजणीत गेलं. होकायंत्राचा कोन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने 0° ते 360° मोजतात. तोच चरणांत, म्हणजे दोन अक्षांनी पाडलेल्या चार भागांत, लिहिला की 210° चा होतो ‘दक्षिणेकडून पश्चिमेला 30°’. आणि 280° म्हणजे उत्तरेकडून पश्चिमेला 80°. पश्चिम अवघी 10° वर असली तरी मोजायचं उत्तर-दक्षिण रेषेपासूनच. आपला किनाराही ढोबळमानाने उत्तर-दक्षिण. मुलांना विचारा, होडी किनाऱ्यापासून किती अंशांनी समुद्राकडे वळली? किनारा हाच अक्ष.

दापोलीहून : उदाहरण फार आवडलं. फक्त एवढं बजावा की गणितात सुरुवात पूर्वेकडून आणि मोजणी घड्याळाच्या उलट. एका अक्षाचा आग्रह का, तेही सांगायला हवं. य-अक्षापासून मोजलं की साइनचा कोसाइन होतो : साइन 120° = कोसाइन 30°. क्ष-अक्षापासून मोजलं तर गुणोत्तर तेच राहतं, चिन्ह तेवढं चरणावरून ठरवायचं. साइन 210° म्हणजे उणे साइन 30°.

मालवणहून : हे कारण मी आजवर सांगितलंच नव्हतं! ‘आधारकोन’ मला आवडला, पण परीक्षेसाठी ‘संदर्भ कोन’ ठेवते. फळ्यावर मात्र ‘क्ष-अक्षापासूनचा कोन’ लिहीन. लांबलचक आहे, पण चुकू देत नाही.

रत्नागिरीहून : मग व्याख्येत ‘भुजा अक्षावर नसेल तर’ हेही घाला. 270° ला क्ष-अक्षाशी कोन 90° होतो, तो लघुकोन नव्हे.