एका दिवशी एकच रात्र ऐका
जुनी पुस्तकं ऑडिओबुकवर ऐकताना लक्ष लागत नाही अशी कोणी तक्रार केली, तर मी म्हणेन साने गुरुजींच्या 'श्यामची आई'पासून सुरू करा, त्यात 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' असंच चालतं, आश्रमात प्रार्थना झाली की श्याम एक आठवण सांगणार आणि त्या दिवसापुरतं बास. गुरुजींनी ते १९३३ मध्ये आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं बरं का! मी सातपूरला जाताना एकच रात्र लावते, आणि स्पीड वाढवायचा नाही हं, पळवलं की मजाच गेली. पोरं सोबत असतील तर मधे पॉज करू द्या, आमच्याकडे गोष्टीतलं कर्ज आणि सावकार यांवर बोलण्यातच बराच वेळ गेला. मग हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी घ्या, मोठी आहे पण तीही 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानेच आलेली.