चतुर, टाचणी आणि पाण्यातलं पिल्लू : कोणाला काय म्हणावं?

पाणवठा :
शाळेच्या निसर्ग मंडळाची मुलं घेऊन पावसाळा सरता सरता सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर जायचा बेत आहे. पक्षी सगळेच दाखवतात, म्हणून यंदा चतुर (ड्रॅगनफ्लाय) आणि त्यांच्यासारख्याच पण बारीक टाचण्या (डॅम्सेलफ्लाय). माहितीपत्रक लिहायला घेतलंय, पण शब्दांपाशी गाडी अडते. चतुर म्हटलं की त्यात टाचणी आली का? पाण्यात वाढणाऱ्या अवस्थेला 'अळी' लिहिलं तर चालेल का? आणि मागच्या लांब भागाला सगळे शेपटी म्हणतात, तेच लिहू का? जाणकारांनी सांगावं. परिभाषा कोशातला जड शब्द नको, पाचवीच्या पोराला कळेल असा हवा.

धोटा :
सर, आमच्या पूर्व भागात पोरं सरळ 'हेलिकॉप्टर' म्हणतात. आमची आजी 'तूनीग' म्हणायची, तेलुगूतला तोच शब्द. शेजारच्या कानडी घरात 'एरोप्लेन चिट्टे', म्हणजे विमान-फुलपाखरू. 'चतुर' मी शाळेच्या पुस्तकातच पहिल्यांदा वाचला. मला वाटतं चार पंख म्हणून चतुर असावा. चतुर्भुज, चतुर्थी, तसा चतुर.

जुनी वही :
कानाला गोड लागते म्हणून व्युत्पत्ती खरी होत नाही हो. चार या अर्थाचा संस्कृत शब्द 'चतुर्', शेवटी पाय मोडका र. 'चतुर' हा वेगळा शब्द आणि संस्कृत कोशांत त्याचा अर्थ नुसता हुशार नाही, चपळ, वेगवान असाही दिलेला आहे. हाताशी आला आला म्हणता निसटणाऱ्या किड्याला तो शोभतो. चार पंख तर फुलपाखरालाही असतात आणि मधमाशीलाही, त्यांना कोणी चतुर म्हटलं नाही.

पत्रकासाठी व्याकरणही सांगून ठेवते. तो चतुर, अनेकवचनही चतुरच. सामान्यरूप मात्र चतुराचा, चतुरांना. ती टाचणी, त्या टाचण्या. पंचाईत नरमादीची. 'चतुराची मादी' आणि 'टाचणीचा नर' असंच लिहावं लागेल. पोरं 'चतुरीण' म्हणतील, म्हणू द्या, पण छापू नका.

भिंगवाला :
बाईंशी सहमत. आता दोघांतला फरक. बसल्यावर चतुर पंख आडवे पसरून ठेवतो, टाचणी पाठीवर मिटून घेते. चतुराचे डोळे मोठे, डोक्यावर एकमेकांना भिडलेले. टाचणीचे डोक्याच्या दोन टोकांना, मध्ये चांगली मोकळी जागा. चतुराचे मागचे पंख बुडाशी रुंद, टाचणीचे चारही पंख जवळजवळ सारखे आणि बुडाशी निमुळते. अंग टाचणीसारखं बारीक, नावातच सगळं आलं.

पण मुलांना एकच खूण देऊ नका. लेस्टिस नावाच्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवूनच बसतात, आणि गदेसारखं टोक असलेल्या चतुरांचे डोळे एकमेकांपासून दूर असतात. एवढ्यावरून पोरं नेमकी भांडतात. दोन-तीन खुणा जुळल्या की मग नाव द्यायचं.

दोघांना मिळून शास्त्रात ओडोनाटा गण म्हणतात. हे नाव फॅब्रिसियसने १७९३ साली दिलं, त्यात दातांचा उल्लेख आहे. मराठीत दोघांसाठी एकच शब्द ओढूनताणून बनवण्यापेक्षा 'चतुर आणि टाचण्या' असा जोडीने उल्लेख बरा. नुसतं 'चतुर' लिहिलं की टाचणी अंग चोरून बाजूला होते, आणि तळ्याच्या गवतात खरी गंमत तिचीच असते.

डाळिंबवाला :
सर, अळीचं मी सांगतो. आमच्या सांगोल्याकडं फवारणीची पुस्तिका सगळ्यांना पाठ असती. त्यात मावा, तुडतुडे, फुलकिडे यांच्यापुढं 'पिल्ले व प्रौढ' लिहिलेलं असतं आणि फळ पोखरणारा सुरसा असला तर 'अळी'. हा भेद उगाच नाही केलेला. अळी पुढं कोषात जाती, कोषातून फुलपाखरू नाहीतर पतंग निघतो. माव्याला कोष नाही, पिल्लू कात टाकत टाकतच मोठं होतं. चतुराला कोष असतो का? नसला तर पिल्लूच म्हणा.

भिंगवाला :
दादा, एका दमात निकाल लावलात. चतुराला कोष नाहीच. पिल्लू पाण्यात साधारण दहाबारा वेळा कात टाकतं, पाठीवर पंखांच्या पिशव्या हळूहळू वाढत जातात, आणि शेवटी ते पाण्याबाहेर पाणकणसाच्या नाहीतर लव्हाळ्याच्या काडीवर चढतं. तिथे पाठ उकलते आणि आतून पंखवाला बाहेर येतो. बहुतेकदा हे रात्री किंवा अगदी पहाटे उरकतं. जुन्या विज्ञान पुस्तकांत 'डिंभ' हा शब्द आढळतो, पण तो अळीलाही लावतात, म्हणजे घोळ तिथेच राहतो. शेतकऱ्यांचं 'पिल्लू' नेमकं आहे.

पिल्लांवरूनही चतुर की टाचणी ते कळतं. टाचणीच्या पिल्लाला मागे पानासारखे तीन कल्ले दिसतात. चतुराच्या पिल्लाचे कल्ले गुदाशयाच्या आत. ते मागून पाणी आत घेतं आणि जोरात बाहेर फेकून पुढे सटकतं. दोघांचाही खालचा ओठ घडी घातलेला असतो, भक्ष्य टप्प्यात आलं की क्षणात पुढे झेपावतो. डासांच्या अळ्या हा त्यांचा नेहमीचा घास. या ओठाला मराठीत शब्द शोधू नका, 'घडीचा ओठ' म्हटलं की भागतं.

धोटा :
म्हणजे आम्ही लहानपणी दोरा बांधायलो ती शेपटी होती का आणखी काही?

जुनी वही :
ते पोट, म्हणजे उदर. कीटकाला डोकं, छाती, पोट एवढेच भाग, शेपटी नाही. चतुराचं पोट दहा खंडांचं असतं, म्हणून लांब दिसतं. पत्रकात पहिल्यांदा 'लांब पोट, ज्याला आपण शेपटी म्हणतो' असं लिहा आणि पुढे पोटच ठेवा. पोटाला दोरा बांधलाय हे कळलं की पोरांचा हात जरा तरी थबकेल. आणि त्या टोकाला नांगी नसते, चतुर डंख मारत नाही, हेही ठळक लिहा. निम्मी मुलं भीतीने मागे उभी राहतात.

पाणवठा :
सगळ्यांचे आभार. पिल्लू, पोट, जोडीने नाव, हे नक्की केलं. आणखी दोन ठिकाणी शब्द हवाय. दुपारच्या उन्हात काही चतुर पोट सरळ आभाळाकडे उभं करून बसतात, त्याला काय म्हणू? आणि नुकताच कातीतून निघालेला, ज्याचे पंख नुसते ओले काचेसारखे चकाकतात, त्याला?

भिंगवाला :
पहिल्याला 'शीर्षासन' लिहा, मुलं हसतील आणि विसरणार नाहीत. पोट सूर्याच्या दिशेने धरलं की अंगावर ऊन कमी पडतं, सावलीचा आडोसा न घेता तापणं टळतं. सोलापूरच्या उन्हात हे आसन न शिकून कसं चालेल! तलावाकाठचे लाल चतुर हे हमखास करतात. दुसऱ्याला 'कोवळा'. कोवळ्याचा रंग पक्का नसतो, आणि लाल जातींचे नर सुरुवातीला मादीसारखे पिवळट असून नंतर लालबुंद होतात. त्यामुळे रंगावरून नाव सांगायची घाई नको. कोवळ्याला हात तर मुळीच लावू नये, पंख वाकडे झाले तर तसेच वाळतात.

तुमच्या यादीत दगडी चतुर घाला. काळा-करडा, ठिपक्याठिपक्यांचा, शास्त्रीय नाव ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. भिंतीवर चिकटून बसला की दगडाचाच डाग वाटतो. सिमेंटच्या टाकीतल्या पाण्यातही त्याची पिल्लं वाढतात, म्हणून तळ्यावर जायच्या आधी शाळेची भिंतच तपासा. भुईकोट किल्ल्याच्या तटावर त्याला हुडकायचं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. टाचण्यांत दोन पुरे : पिवळ्या पोटाची सेरिअॅग्रिऑन आणि पोटाच्या टोकाशी निळा ठिपका असलेली इश्नुरा.

डाळिंबवाला :
आणि पावसाच्या तोंडावर माळावर थवेच्या थवे येतात ते पिवळे? बसतच नाहीत, नुसते घिरट्या घालतात. आमच्याकडं ते दिसले की पाऊस आला म्हणतात.

भिंगवाला :
तो पॅंटाला फ्लॅवेसेन्स, जगातला मोठा प्रवासी. वाऱ्याबरोबर येतो, साध्या डबक्यात अंडी घालतो. पाणी आटायच्या आत पिल्लं उरकावीत म्हणून त्यांची वाढही झटपट, दोनेक महिन्यांत किंवा त्याहून लवकर. पावसाळी वाऱ्यावर स्वार होऊन येणारा किडा पावसाच्या तोंडावर दिसणार, त्यामुळे तुमच्या माणसांचं निरीक्षण पोकळ नाही. हेच चतुर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जात असावेत, असं चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं. मालदीवमध्ये ते दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास उतरतात. 'भटक्या' म्हणा, पण 'पावसाचा चतुर' तुमच्याकडे रुळला असेल तर तोच छापा.

पाणवठा :
पावसाचा चतुर! ठरलं. पिल्लं दाखवायला जाळीने पाणी गाळावं का?

भिंगवाला :
गाळात पोरांना उतरवू नका सर. काठावरच्या काड्यांवर रिकाम्या काती शोधायला लावा. पाठीवर उभी चीर आणि चिरेत पांढरे धागे दिसले की समजा कात खरी. ते धागे म्हणजे श्वासनळ्यांचं आतलं अस्तर. सकाळी लवकर गेलात तर एखादा कोवळा शेजारीच बसलेला सापडेल. कात काडीपेटीत घालून वर्गात नेता येते, जिवंत काही नेऊ नये.

जुनी वही :
मसुदा छापण्याआधी इथे टाका. तुमच्या शीर्षकात 'टाचणींची ओळख' असं काही येऊ देऊ नका, 'टाचण्यांची' हवं.