गाणं तर ऐकायचं असतं, मग कलाकार व्हिडिओवर एवढा खर्च का करतात?

पेटीवाला_नाशिक

आमच्या बँडचं पहिलं गाणं तयार आहे, मिक्सिंग मास्टरिंग सगळं झालंय. आता निम्मे मित्र म्हणतायत व्हिडिओ केल्याशिवाय गाणं टाकायचंच नाही, आणि व्हिडिओचा अंदाज काढला तर रेकॉर्डिंगच्या खर्चाच्या कितीतरी वर जातोय. तेवढ्या पैशात अजून दोन गाणी होतील, कीबोर्डवरच्या सारंगीऐवजी खरा सारंगीवाला बोलावता येईल. चाल चांगली असेल तर लोक ऐकतीलच ना? मोठमोठे कलाकारसुद्धा व्हिडिओ करतात म्हणजे काहीतरी कारण असणार, ते मला मनापासून समजून घ्यायचंय.

रेकॉर्डवेडा

कारण खूप जुनं आहे मित्रा, यूट्यूबच्या कितीतरी आधीचं. कलाकार एका वेळी सगळीकडे पोचू शकत नाही, हे ते कारण. १९६६ मध्ये बीटल्सला प्रत्येक टीव्ही स्टुडिओत जाऊन गाणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन' या गाण्यांच्या फिल्म करून घेतल्या आणि अमेरिकेत एड सलिव्हनच्या कार्यक्रमात स्वतः न जाता त्या पाठवल्या.

क्वीन या ब्रिटिश बँडचं तर अजून बघण्यासारखं आहे. 'बोहेमियन रॅप्सडी' जवळजवळ सहा मिनिटांचं, मधला ऑपेराचा भाग स्टुडिओत आवाजावर आवाज चढवून केलेला, चार जणांनी स्टेजवर उभं राहून तो जसाच्या तसा गाणं अशक्य. त्यात त्यांचा दौरा सुरू होणार होता, म्हणजे बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमाला जाता येणार नव्हतं. मग नोव्हेंबर १९७५ मध्ये, जिथे दौऱ्याच्या तालमी चालल्या होत्या तिथेच, काही तासांत व्हिडिओ शूट केला. तो टीव्हीवर दर आठवड्याला लागत राहिला, बँड दौऱ्यावर, आणि गाणं ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे एक नंबरवर. त्यानंतर रेकॉर्ड कंपन्यांना व्हिडिओचं महत्त्व वेगळं सांगावं लागलं नाही.

पुढे १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही आलं, दिवसरात्र गाणी दाखवायची होती आणि हाताशी व्हिडिओ होते फार थोडे. ब्रिटिश बँडांकडे ते तयार होते, त्यामुळे जे बँड तिकडच्या रेडिओवर लागतही नव्हते त्यांच्या रेकॉर्डी एमटीव्ही दिसणाऱ्या गावांत विकल्या जायला लागल्या. त्यांच्यातलेच ड्युरान ड्युरान तर व्हिडिओ शूट करायला थेट श्रीलंकेत गेले होते.

मीनल_डोंबिवली

दादा, आपल्याकडचं कारण मला थोडं वेगळं वाटतं. आपल्याकडे गाण्याला चेहरा दिला सिनेमाने. छायागीत, चित्रहार बघत वाढलेल्या माणसाला गाणं म्हटलं की नट-नटी आणि ती जागा आधी आठवते, गायक मागाहून. मग ज्याचं गाणं सिनेमात नाहीच त्याने टीव्हीवर यायचं कसं? त्याला स्वतःचं चित्र स्वतःच आणावं लागलं. नव्वदच्या दशकात चॅनल व्ही आणि एमटीव्ही आपल्याकडे आले तेव्हा नेमकं हेच झालं. १९९५ ला अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया', त्यातला मिलिंद सोमण लोकांना आजही आठवतो, आणि पुढच्याच वर्षी लकी अलीचं 'ओ सनम', इजिप्तच्या वाळवंटात शूट केलेलं. लकी अलीचा आवाज तेव्हाच्या फिल्मी आवाजांपेक्षा इतका निराळा, इतका सैल की नुसत्या ऑडिओवर किती जण थांबले असते सांगता येत नाही, पण तो माणूस तिथे फिरताना दिसला आणि तो आवाज असाच का आहे ते लगेच पटलं. चांगला व्हिडिओ हे करतो, नव्या आवाजाशी ओळख करून देतो.

सुलभाकाकू

माझं मत वेगळं आहे, मांडते. १९५५-५६ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्रावरून आठवड्याला एक अशी गीतरामायणाची ५६ गाणी लागली. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आणि बघायला काहीच नाही. प्रत्येक घरातली सीता वेगळी, प्रत्येकाची अयोध्या वेगळी. व्हिडिओ एकदा पाहिला की दुसरं चित्र मनात उभंच राहत नाही हो. पेटीवाल्या बाळा, तू आधी सारंगीवाला बोलाव.

कॅमेरा_कोल्हापूर

काकू, मुद्दा अगदी मान्य, पण तेव्हा सगळा महाराष्ट्र एका वेळी एकच रेडिओ लावून बसायचा, आता नवीन गाणं लोकांना सापडतं तेच मुळात मोबाईलच्या स्क्रीनवर. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' बघा, २०२४ साली ज्यांना मराठी येत नाही तेसुद्धा त्यावर रील करत होते. ते गाणं लोकांनी स्वतःच्या घरात, गच्चीवर, लग्नात पुन्हा पुन्हा शूट केलं, म्हणजे प्रत्येकाने आपापलं चित्र त्यात घातलंच की.

मी लग्नाची आणि गाण्यांची शूटिंग करतो म्हणून सांगतो, पैसा जातो तो लोकेशन, ड्रोन, डान्सर, मेकअप यात. ते सगळं लागतंच असं नाही. ओके गो नावाच्या अमेरिकन बँडने २००६ मध्ये ट्रेडमिलवर नाच बसवून अख्खं गाणं एका टेकमध्ये शूट केलं, कॅमेरा एका जागी, कट एकही नाही, नाच बसवला गायकाच्या बहिणीने, आणि त्याला ग्रॅमी मिळालं. खर्च कमी पण तालीम भरपूर.

पेटीवाला_नाशिक

काकू, सारंगी नक्की, ते ठरलंच. मीनलताईंचं गायकाच्या चेहऱ्याचं म्हणणं पटलं, आम्हाला खरंच कोणी ओळखत नाही. मग गोदाघाटावर पहाटे आम्ही पाच जण वाजवतोय आणि कॅमेरा एकच, एवढंच केलं तर? गायकाला मात्र स्लो मोशन हवंय, त्यात ओठ जुळतात का?

कॅमेरा_कोल्हापूर

जुळतात. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने त्याच वेगात ओठ हलवायचे, कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर ठेवायचा आणि एडिटला २५ वर आणायचं, मग हालचाल संथ दिसते आणि ओठ गाण्याबरोबर चालतात. दुप्पट वेगाची फाईल आधीच बनवून पाठ करून घ्या, घाटावर आयत्या वेळी जमत नाही. मोठा स्पीकर न्या, पाण्याजवळ मोबाईलचा आवाज ऐकूच येत नाही. आणि सारंगी आधी रेकॉर्ड करा, पुन्हा मास्टर करून घ्या आणि मगच शूट, कारण नंतर गाण्याची लांबी थोडी जरी बदलली तरी सगळे ओठ सुटतात. सारंगीवाल्यालाही घाटावर न्या, त्याचे हात जवळून घ्या.