फिट्सची गोळी सुरू झाल्यावर स्वभाव बदलला, तर काय पाहायचं?

प्रश्न
लेव्हेटिरॅसिटॅम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन आठवडे झाले. फिट थांबल्या, पण रुग्ण क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून येतो, झोप उडाली आहे. हे गोळीमुळे की आजारामुळे, कसं ओळखायचं? गोळी थांबवावी का?

प्रतिसाद १
स्वतःहून थांबवू नका. औषध एकदम तुटलं तर फिट एकामागून एक येत राहू शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं. मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाटही पाहू नका, डॉक्टरांना आजच कळवा. ते डोस कमी करतील किंवा दुसऱ्या औषधावर नेतील. ब्रिव्हॅरॅसिटॅम मेंदूतल्या त्याच प्रथिनावर काम करतं, तरी त्यात चिडचिड तुलनेने कमी दिसते.

गोळीचा दोष ओळखायची खूण म्हणजे वेळ. सुरुवातीच्या काही आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर लगेच त्रास सुरू झाला, तर संशय बळावतो. क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असेल तर नेहमीचा डोससुद्धा अंगात साचतो.

प्रतिसाद २
आधी दुसरी गोळी होती का, हेही सांगा. व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपीन आणि लॅमोट्रिजिन ही फिट्सची औषधं मनःस्थिती सावरूनही धरतात. त्यातलं एखादं काढून लेव्हेटिरॅसिटॅम दिलं असेल, तर आधार गेला आणि चिडचिड आली, अशा दोन गोष्टी एकदम घडतात. खापर मात्र एकट्या नव्या गोळीवर फुटतं.

फिट्सच्या इतर औषधांचंही असंच आहे. पेरँपॅनेलमध्ये राग आणि हिंसक विचारांचा धोका डोसबरोबर वाढतो. टोपिरामेट घाईने चढवलं तर उदासी येते, शब्द आठवत नाहीत. म्हणून मोठ्यांत २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्याला थोडं थोडं वाढवतात. फेनोबार्बिटालने मोठ्यांना नैराश्य येऊ शकतं, तर मुलं उलट चळवळी होतात.

प्रतिसाद ३
आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारायला कचरू नका. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००८ मध्ये फिट्सच्या ११ औषधांच्या १९९ चाचण्या एकत्र पाहिल्या. असे विचार किंवा कृती औषध घेणाऱ्यांत ०.४३ टक्के, तर प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) घेणाऱ्यांत ०.२४ टक्के होत्या, म्हणजे हजारी साधारण दोन जास्त. हा फरक पहिल्या आठवड्यापासूनच दिसू लागला. अपस्मारातच (फिट्सच्या आजारात) नैराश्याचं प्रमाण जास्त असतं, शिवाय न आवरलेल्या फिटही जीव घेतात. म्हणून या आकड्याला घाबरून उपचार नाकारणं चूक ठरेल.

"जगू नये असं वाटतं का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर माणसाला एकटं सोडू नका, सगळ्या गोळ्या आपल्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी इमर्जन्सी गाठा.

प्रतिसाद ४
प्रतिसाद १ मध्ये एक भर. भास किंवा 'माझ्याविरुद्ध कट चाललाय' असे संशय दिसत असतील, तर शेवटची फिट कधी आली ते पाहा. पाठोपाठ फिट आल्यानंतर एक-दोन दिवस बरे जाऊन मग भास सुरू झाले, तर तो फिट्सनंतरचा सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) असू शकतो. उलट, फिट साफ थांबल्या आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) सुधारला की मन बिघडतं, असंही काहींत होतं. स्विस डॉक्टर लांडोल्ट यांनी १९५०च्या दशकात त्याचं वर्णन केलं होतं.

चिडचिडीसाठी बी६ जीवनसत्त्वाची गोळी सुचवली जाते, पण पुरावा तोकडा आहे. मोठे डोस दीर्घकाळ घेतले तर नसा बिघडतात, हातपायांना मुंग्या येतात. त्यापेक्षा वहीत रोज डोस, फिट, झोपेचे तास आणि रागाचा प्रसंग वेळेसह लिहा. डोस बदलताना डॉक्टरांना ही वही फार उपयोगी पडते.