पाळीव कुत्रा चावल्यास मालकाची कायदेशीर जबाबदारी कुठवर?

अबोली

शेजाऱ्यांच्या नावाचे एक पाकीट चुकून आमच्याकडे आले होते. ते देण्यासाठी माझे वडील त्यांच्या घरी गेले असता तिथल्या पाळीव कुत्र्याने त्यांच्या उजव्या हाताला कडकडून चावा घेतला. जखम खोल असून दोन बोटांची हालचाल अजून पूर्ववत झालेली नाही. फाटक उघडे होते आणि त्यावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी आहे. मालक त्या वेळी परगावी होते. त्यांनी कुत्रा एका पगारी माणसाकडे सोपवला होता आणि त्याने साखळी काढून ठेवलेली होती.

मालक सभ्यपणे बोलतात, मात्र जबाबदारी नाकारताना तीन कारणे देतात. कुत्रा यापूर्वी कधीही कोणाला चावलेला नाही, पाटी लावलेली असताना वडील आत गेले, आणि घटनेच्या वेळी कुत्रा त्यांच्या ताब्यात नव्हता. यांपैकी एकाही कारणाने मालक कायद्याने मोकळा होतो का, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. वडील मात्र शेजारधर्म म्हणून हा विषय सोडून द्यायला तयार झाले आहेत, आणि ते मला पटत नाही.

औदुंबर

तुमच्या शेजाऱ्यांनी दिलेली तिन्ही कारणे न्यायालयांसमोर फार जुन्या काळापासून मांडली जात आहेत, त्यामुळे त्यांची उत्तरेही बरीचशी ठरलेली आहेत. ती प्रत्येक देशात सारखी नाहीत, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

पहिले कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. इंग्लंडमधील जुन्या न्यायनिर्णयांतून असा नियम घडत गेला की, कुत्र्यासारख्या माणसाळलेल्या प्राण्याने इजा केली तर त्याचा घातक स्वभाव मालकाला आधीपासून ठाऊक होता हे सिद्ध झाल्यावरच मालक भरपाईस बांधील ठरतो. यातूनच ‘पहिला चावा माफ’ असा समज पसरला आहे आणि तो मुळातच चुकीचा आहे. मालकाला काय ठाऊक होते, एवढेच तिथे पाहिले जाते आणि हे ज्ञान पूर्वीच्या चाव्यातूनच यावे लागते असे नाही. कुत्रा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगावर धावून जात असे, दात विचकत असे किंवा पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत कोंडावे लागत असे, हेही त्या ज्ञानाचे पुरावे ठरू शकतात.

इंग्लंडने 1971 च्या प्राणीविषयक कायद्यात हा नियम नव्या शब्दांत मांडला. विशिष्ट प्रसंगीच प्रकट होणारा स्वभावही त्यात धरला गेला, उदाहरणार्थ पिल्ले असलेली मादी किंवा स्वतःची हद्द राखणारा कुत्रा. तुमच्या प्रकरणाला लागू पडणारी आणखी एक तरतूद त्यात आहे. मालकाचा नोकर म्हणून कुत्रा सांभाळणाऱ्या माणसाला तो स्वभाव ठाऊक असेल, तर मालकालाही तो ठाऊक होता असेच धरले जाते.

इतर अनेक ठिकाणी कायद्याने ज्ञानाची अटच काढून टाकली आहे. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेतील कलम 3342 नुसार सार्वजनिक जागी, किंवा कायदेशीरपणे खाजगी जागेत असलेल्या व्यक्तीला कुत्रा चावला, तर तो पूर्वी कसा वागत होता आणि मालकाला काय माहीत होते याचा विचार न करता मालक जबाबदार ठरतो. जर्मनीच्या दिवाणी संहितेतील कलम 833 हौसेखातर पाळलेल्या प्राण्याच्या मालकावर अशीच कडक जबाबदारी टाकते. उपजीविकेसाठी पाळलेल्या प्राण्याच्या बाबतीत मात्र, योग्य ती काळजी घेतली होती हे सिद्ध करण्याची मुभा ती मालकाला देते. हा फरक मला न्याय्य वाटतो, कारण केवळ स्वतःच्या आनंदासाठी पाळलेल्या प्राण्यापासून उद्भवणारा धोका वाटेवरच्या माणसाने का सोसावा, याचे समाधानकारक उत्तर देता येत नाही.

भारतात कुत्र्याच्या चाव्यासाठी अशी स्वतंत्र भरपाईची संहिता नसल्यामुळे दिवाणी दावा निष्काळजीपणाच्या आणि ज्ञानाच्या सर्वसाधारण तत्त्वांवर उभा करावा लागतो. फौजदारी बाजू वेगळी आहे. पूर्वीच्या दंड संहितेतील कलम 289 च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचे कलम 291 आले आहे. ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना, तो टाळण्यास पुरेशी व्यवस्था जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न करणाऱ्याला त्यानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा दंड शासनाकडे जमा होतो. वडिलांच्या उपचारांचा आणि बुडालेल्या कामाचा खर्च त्यातून आपोआप भरून निघत नाही, त्यामुळे तक्रार आणि भरपाईची मागणी या दोन वेगळ्या वाटा समजाव्यात.

पाटीविषयी थोडक्यात सांगतो. उघड्या फाटकातून घराच्या दारापर्यंत कामानिमित्त जाणाऱ्या माणसाला तशी मूक परवानगी असल्याचे सामान्यतः मानले जाते, त्यामुळे पाकीट द्यायला गेलेले तुमचे वडील घुसखोर ठरण्याची शक्यता फार कमी आहे. धोका पूर्णपणे ओळखून तो स्वेच्छेने पत्करला, असे म्हणण्यासाठीही नुसती पाटी सहसा पुरत नाही, कारण कुत्रा मोकळा आहे हे पाटी सांगत नाही. उलट, कुत्र्यापासून इतरांना धोका आहे याची मालकाला जाणीव होती, असे त्याच पाटीवरून कोणी म्हणू शकेल. ‘पूर्वी कधी चावला नाही’ आणि ‘पाटी लावली होती’ ही दोन कारणे त्यामुळे एकमेकांच्या आड येतात.

बकुळ

मी अनेक वर्षे कुत्रे पाळत आले आहे, म्हणून पाळणाऱ्यांच्या बाजूने लिहिते.

कुत्रा कोणतीही सूचना न देता चावला, असे मालक सांगतात तेव्हा बहुतेक वेळा सूचना मिळालेली असते आणि ती कोणी वाचलेली नसते. अंग ताठ होणे, नजर रोखणे, ओठ वर उचलला जाणे, गुरगुरणे ही त्याची भाषा आहे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणारे मालक त्याची भीती तशीच ठेवून तिचा आवाज तेवढा बंद करतात आणि नंतर तो थेट चावतो. पशुवैद्याने तपासताना मुसके बांधायला सांगितले असेल, प्रशिक्षकाने अनोळखी माणसांविषयी सावध केले असेल, तर ते शब्द मालकाने गांभीर्याने घ्यावेत. प्रकरण न्यायालयात गेल्यावर त्या नोंदींवरूनच त्याला काय ठाऊक होते ते ठरते.

जातीबद्दलही एक गोष्ट सांगते. ब्रिटनच्या 1991 च्या धोकादायक कुत्र्यांविषयीच्या कायद्याने काही जातींवर बंदी घातली, परंतु त्याच कायद्यात कोणत्याही जातीचा कुत्रा धोकादायकरीत्या आटोक्याबाहेर जाऊ देणे हा गुन्हा आहे. 2014 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये ही तरतूद खाजगी जागांनाही लागू करण्यात आली. ‘आमचा कुत्रा त्या जातीचा नाही’ हे उत्तर म्हणूनच पुरत नाही.

आणि कृपा करून रागाच्या भरात कुत्र्याला मारून टाकण्याची मागणी करू नका. दहा दिवस तो जिवंत आणि निरोगी राहिला, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते असे मानता येते. तुमच्या वडिलांसाठीही ते निरीक्षण मोलाचे आहे.

पारिजात

वैद्यकीय बाजूची एक भर घालतो. निरीक्षणाच्या त्या दहा दिवसांत लस थांबवून ठेवायची नसते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि लस ताबडतोब सुरू करणे हे आधी, बाकीचे नंतर. त्वचा फाटून रक्त आले असेल तर जखमेभोवती प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. हाताच्या चाव्यात स्नायूबंध आणि सांध्यांपर्यंत जंतुसंसर्ग जाऊ शकतो, म्हणून बोटांची हालचाल मंदावली असेल तर हाताच्या शल्यचिकित्सकांना आजच दाखवा. जखमेची तारखेसह छायाचित्रे, पहिल्या तपासणीचा कागद आणि प्रत्येक पावती जपून ठेवा, कारण कायमचे अपंगत्व राहिले किंवा नाही हे पुढे याच कागदांवरून ठरेल.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. लस त्याच दिवशी सुरू केली होती आणि उद्या शल्यचिकित्सकांची वेळ घेतली आहे. आता मालक म्हणतात की आजवरचा खर्च ते देतील, परंतु ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असे वडिलांनी लिहून द्यावे. शिवाय कुत्रा ताब्यात नसल्याच्या कारणाचे उत्तर मला अजून स्पष्ट झालेले नाही.

औदुंबर

ताब्याचा प्रश्न माझ्याकडून राहिला होता. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत (आताचे कलम 1243, पूर्वीचे 1385) प्राण्याचा मालक किंवा तो वापरणारा यांच्यापैकी ज्याच्याकडे त्या वेळी प्राण्याचे नियंत्रण असेल तो जबाबदार असतो, मग प्राणी पळून गेलेला असला तरीही. इंग्लंडमध्ये मालक आणि प्रत्यक्ष ताबा असलेला माणूस हे दोघेही पालक ठरतात, म्हणजे दुसऱ्याकडे सोपवल्याने मालक सुटत नाही. जर्मनीत कराराने देखरेख स्वीकारणाऱ्यावर कलम 834 स्वतंत्र जबाबदारी टाकते. भारतीय न्याय संहितेचे कलम 291 ताब्याविषयी बोलते, म्हणून फौजदारी तक्रारीत सांभाळणाऱ्याचे नाव आधी येऊ शकेल. दिवाणी दाव्यात मात्र तो पगारी नोकर असून नेमून दिलेले काम करत होता हे दाखवता आले, तर त्याच्या निष्काळजीपणासाठी मालकाला उत्तर द्यावे लागते. म्हणून नेमणूक कोणी केली, पगार कोण देत होते आणि कुत्रा बांधून ठेवण्याविषयी त्याला काय सांगितले होते, हे त्या माणसाकडून आत्ताच विचारून लिहून घ्या.

त्या कागदावर वडिलांनी इतक्यात सही करू नये. बोटांची हालचाल किती परत येते हे कळण्यापूर्वी केलेली अंतिम तडजोड पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्चही स्वतःकडे घेऊन बसते. मालकाला खरोखर मदत करायची असेल, तर आजवरच्या खर्चाची रक्कम त्याने द्यावी आणि पावतीवर ‘अंशतः, हक्क राखून’ असे लिहावे. तो ते मान्य करत नसेल, तर स्थानिक वकिलामार्फत नोटीस पाठवा.

वडिलांना शेजारधर्म सांभाळायचा आहे, हे मी समजू शकतो. झालेल्या इजेची भरपाई मागितल्याने तो मोडत नाही, असे त्यांना माझ्या वतीने सांगा.