मदत हवी आहे: बीट मऊ पडतायत, कसे टिकवायचे?

घाईतली_गौरी
गावाहून सासूबाईंनी पिशवीभर बीट पाठवलेत. फ्रिजमध्ये ठेवले तरी लिबलिबीत व्हायला लागलेत. फेकायचं जिवावर येतंय. टिकवायचे कसे आणि रोज खायचे तर कशा प्रकारे, कृपया लवकर सांगा. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

तिखटजाळ
पिशवीभर म्हणजे किती? पाला आहे की काढलाय? धुऊन ठेवलेत का?

घाईतली_गौरी
पाच किलो तरी असतील. पाला आहेच, ताजे आहेत ना. आणि धुऊन नाही तर काय मातीसकट फ्रिजमध्ये ठेवू?

तिखटजाळ
हो, मातीसकट. सुकी माती हाताने झटकायची, बस. पाणी लागलं की कुजायला सुरुवात होते. आणि पाला लगेच कापा, तो कंदातलं पाणी ओढून घेतो, म्हणूनच मऊ पडतायत. कंदाला भिडवून कापू नका, वर दोन बोटं देठ राहू दे. खालचं शेपूटही तसंच ठेवा, तोडलं की उकडताना सगळा रंग पाण्यात जातो. भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भाजीच्या खणात ठेवा, दोन-तीन आठवडे आरामात टिकतात. जे धुतलेत ते पुसून घ्या आणि आधी संपवा.

सुगरण_काकू
अगं पाला फेकू नकोस हं! पालक, चाकवत, बीट सगळे एकाच कुळातले. देठ बारीक चिरून आधी फोडणीला टाक, लसूण आणि सुकी मिरची, मग भिजवलेली मूगडाळ, पानं सगळ्यात शेवटी. पाला मात्र दोन दिवसांत संपव, तो थांबत नाही.

आप्पा_सांगलीकर
फ्रिज कशाला हवा? ओलसर वाळूत पुरून ठेवा, महिनोन्‌महिने टिकतात.

तिखटजाळ
आप्पा, कुठल्या गावात? ठाण्या-मुंबईच्या उकाड्यात वाळूत पुरलेल्या बीटाला कोंब तरी फुटतील नाहीतर बुरशी येईल.

वॉर्सावासी
वाळूची पद्धत खरी आहे, पण ती इथे पोलंडमध्ये थंड तळघरात चालते. इथे 24 डिसेंबरच्या रात्री बऱ्याच घरी बीटाचं लालभडक सार असतं, त्यात छोटे मोदकासारखे मश्रूम भरलेले तुकडे सोडतात. काही जण त्यासाठी बीट आधी मिठाच्या पाण्यात आंबवतात. कोणाला हवी असेल तर कृती देतो.

आप्पा_सांगलीकर
तुमच्याकडे बीटाची साखरही होते ना? 1747 मध्ये मार्ग्राफ नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बीटात उसासारखीच साखर असते हे दाखवलं. पहिला कारखाना 1801 साली.

तिखटजाळ
आप्पा, ताईंना साखर कारखाना काढायचा नाहीये.

केसरिया
मेंदीत बीटाचा रस घातला तर केसांना सुंदर झाक येते म्हणतात. सहज सांगितलं.

रोज_धावतो
टिकवत बसू नका, रोज सकाळी उपाशीपोटी ग्लासभर रस प्या. रक्त वाढतं. मी तेच करतो, दम वाढलाय.

लॅबवाली
रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही. 100 ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमही नसतं. फोलेट हे ब-जीवनसत्त्व चांगलं असतं, तेही उकडलं की कमी होतं. दम वाढला असेल तर तो बीटातल्या नायट्रेटमुळे. जिभेवरचे जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यातून पुढे शरीरात रक्तवाहिन्या सैलावणारा नायट्रिक ऑक्साइड बनतो. म्हणून रसानंतर माउथवॉशने खळखळून चूळ भरलीत तर सगळं मुसळ केरात. आणि रस गाळला की चोथा गेला, साखर मात्र तशीच राहिली.

रोज_धावतो
मला फायदा होतोय, तुम्ही काहीही म्हणा.

लॅबवाली
होऊ दे की. पण ताई, हे बीट खाणार कोण आहे?

घाईतली_गौरी
सासऱ्यांसाठी देतेय, बीपी आहे म्हणून. गोळी चालू आहे. दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता, त्याचा इथे काय संबंध? बाकी कालपासून त्यांना लघवी लाल होतेय आणि ते घाबरून बसलेत. बीटामुळेच असेल ना?

सुगरण_काकू
अगंबाई! हे आधी सांगायचंस ना! पाल्याची भाजी त्यांना अजिबात देऊ नकोस.

लॅबवाली
काकू बरोबर बोलतायत. बीटात ऑक्सलेट भरपूर, पाल्यात तर त्याहून जास्त, आणि बहुतेक खडे ऑक्सलेटचेच असतात. बीट खाल्ल्यावर काहींना लघवी लाल होते आणि ते निरुपद्रवी असतं. पण खड्याचा इतिहास असलेल्या माणसाच्या लघवीत खरं रक्तही येऊ शकतं, नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. त्यामुळे बीट थांबवा आणि आजच लघवी तपासून घ्या, पोटात-पाठीत दुखत असेल तर थेट डॉक्टर. पुन्हा सुरू करायचं की नाही, बीपीच्या गोळीबरोबर किती, हे डॉक्टरांनाच विचारा.

रोज_धावतो
कशाला घाबरवताय? दोन दिवसांत आपोआप उतरतं.

लॅबवाली
निरोगी माणसाचं उतरतं. घरात खडा झालेला माणूस आहे.

तिखटजाळ
बाकीच्यांसाठी: दह्यातली कोशिंबीर करा, दह्यातल्या कॅल्शियममुळे ऑक्सलेट बरंचसं पोटातच बांधलं जातं. बीट न सोलता कुकरला उकडा, सुरी सहज शिरली की झालं. गार झाल्यावर साल बोटांनी ओढली तरी निघते. उकडलेलं बीट फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. उरलेल्याच्या चकत्या ताटात सुट्या गोठवून मग डब्यात भरा. कच्चं गोठवू नका, सुटल्यावर चोथा होतो.

सुगरण_काकू
आणि कोशिंबिरीत दाण्याचं कूट, हिंग-जिऱ्याची फोडणी. मिरची तुपात तळून वर.

घाईतली_गौरी
नमुना लॅबमध्ये देऊन आले, रिपोर्ट संध्याकाळी. बाबांचं बीट बंद. पाला कापून दोन जुड्या शेजारी दिल्या. कच्चे तीन किलो खणात मावतायत, बाकीचे आता कुकरला लावलेत, पण एकेक नारळाएवढे आहेत, कितीही शिट्ट्या झाल्या तरी मधे कडकच.

तिखटजाळ
अर्धे कापा, थोडा रंग जाईल तर जाऊ दे. पाणी फेकू नका, त्यात कणीक भिजवा.

केसरिया
ते पाणी मेंदीलाही चालेल.