निकामी हृदयातील जनुक-अभिव्यक्ती: औषधाचे लक्ष्य कसे ठरवावे?

प्रश्न: निकामी हृदयाच्या (हार्ट फेल्युअर) ऊतीत शेकडो जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे त्यांच्या सक्रियतेचे प्रमाण, बदललेली दिसते, त्यांतून औषधाचे लक्ष्य, म्हणजे औषधाने ज्यावर काम करावे ते जनुक वा प्रथिन, कसे निवडावे?

प्रतिसाद १: नुसत्या घट-वाढीवर विसंबू नये. एनपीपीबी हे जनुक ठळकपणे वाढते, पण त्यापासून बनणारे बीएनपी हे ताणलेल्या हृदयाने बचावासाठी सोडलेले संप्रेरक आहे. ते निदानाला उपयोगी, दाबून टाकण्याजोगे नव्हे.

प्रतिसाद २: सेर्का२ए पाहावे. स्नायूपेशीत कॅल्शियम परत साठवणारे हे प्रथिन निकामी हृदयात घटते, म्हणून त्याचे जनुक विषाणूवाहकातून (जनुक पेशीत नेणाऱ्या विषाणूतून) देण्याची क्युपिड-२ चाचणी २५० रुग्णांवर झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फायदा दिसला नाही. अर्थात, जनुक पेशींत फारच कमी पोहोचले होते, तेव्हा लक्ष्यच चुकले असे म्हणणे घाईचे ठरेल.

प्रश्नकर्ता: म्हणजे घट खरी असूनही उपचार साधला नाही; आभारी आहे.